पेटीतला उजेड

आमच्या घरात पितळेचा एक डबा आहे. १९७६ साली आमच्या लग्नात सौ.च्या मामांनी दिलेला. त्याच्या गळ्याशी नाव, गाव आणि तारीख ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेली आहे. नाशिकच्या भांडी बाजारात दुकानाच्या पायरीवर एक माणूस मांडीत भांडं घेऊन बसलेला असायचा, हातात बारीक छिन्नी आणि छोटी हातोडी. टकटकटक करत पाच मिनिटांत तो नाव घालून द्यायचा. पुढे विजेवर चालणारी पेनासारखी मशीन आली आणि ठिपक्यांच्या जागी नागमोडी रेघ आली. या डब्यावर ‘नामपूर’मधला ‘पू’ ऱ्हस्व आहे. गेली पन्नास वर्षं तो मला खुपतो आहे. मराठीच्या मास्तराच्या लग्नातल्या डब्यावर ऱ्हस्व ‘पु’!

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या नातवाने घरी लेसरने कोरण्याचं यंत्र बनवलं. नातू नववीत. त्याने कुठेतरी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, “आबा, डीव्हीडी ड्राइव्हपासून होतं. तुमच्या सगळ्या भांड्यांवर शुद्ध नाव घालून देतो.” आता यापुढे मी काय बोलणार?

घरच्या बैठकीत बजेट ठरलं तीन हजार रुपये, त्याहून एक रुपया जास्त नाही. मी आयुष्यभर काटकसरीत जगलेला माणूस. पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवल्या, खडूचे तुकडे चिमट्यात धरून संपवले. त्यामुळे तीन हजारांत यंत्र बसवायचं म्हटल्यावर नातवापेक्षा मलाच जास्त चेव आला.

मालेगावला एका भंगारवाल्याकडे दोन जुने डीव्हीडी रायटर शंभर-शंभर रुपयांत मिळाले. प्रत्येकाच्या पोटात एक इवलीशी स्टेपर मोटार, तिला जोडलेला आट्यांचा दांडा आणि त्यावरून पुढे-मागे सरकणारी गाडी असते. एक गाडी आडवी, एक उभी अशी बसवली की सपाट जागेवर कुठल्याही बिंदूपाशी जाता येतं. आर्डुइनोचं साधं बोर्ड साडेचारशेला, त्यावर बसणारी पट्टी आणि मोटारींचे दोन ड्रायव्हर चारशेला, बारा व्होल्टचा अडॅप्टर जुन्या सेटटॉप बॉक्सचा म्हणजे फुकट. ‘जीआरबीएल’ नावाचा प्रोग्रॅम आर्डुइनोत भरायचा, तोही फुकट. नॉर्वेतल्या एका माणसाने तो २००९ साली लिहिला आणि जगाला देऊन टाकला. असे लोक आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं.

गणित मला फार आवडलं. ही मोटार एका फेऱ्यात वीस पावलं टाकते आणि एका फेऱ्यात गाडी तीन मिलिमीटर सरकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ भाग करतो. म्हणजे तीन मिलिमीटरला एकशे साठ पावलं, एका मिलिमीटरला ५३.३३. हा आकडा प्रोग्रॅमला सांगायचा. बीएला मराठी घेतलेल्या माणसाने हे त्रैराशिक वहीत मांडून नातवाला दाखवलं, तर तो म्हणाला, “व्हिडिओत पण हेच आलंय, आबा.” म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं.

फजित्याही पुष्कळ झाल्या. डीव्हीडी रायटरमधलाच लाल लेसर डायोड काढून वापरू, पैसे वाचतील, असा माझा बेत. तो एक मिनिट लागला आणि कायमचा गेला. त्याला व्होल्टेजपेक्षा करंट मोजून द्यावा लागतो, ते आम्ही केलं नव्हतं. शिवाय त्या ड्राइव्हमध्ये दोन डायोड असतात. डीव्हीडीचा लाल दिसतो, पण सीडीचा ७८० नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जवळपास दिसतच नाही, हेही नंतर वाचलं. मग मुकाट्याने निळा, ४५० नॅनोमीटरचा, पाचशे मिलिवॅटचा तयार लेसर मागवला. सोळाशे रुपये. बजेट इथेच जवळजवळ संपलं.

पहिलं अक्षर अर्थातच ‘श्री’. सागाच्या फळीच्या तुकड्यावर निळा ठिपका सरकायला लागला, बारीक धूर निघाला, जळक्या लाकडाचा वास आला आणि ‘श्री’ उमटला. आरशात बघितल्यासारखा उलटा! एका मोटारीच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. दुसऱ्यांदा सुलटा आला, पण अर्ध्यात वीज गेली. वीज परत आल्यावर यंत्राला आपण कुठे होतो हे आठवत नाही, ते बिचारं जिथे आहे तिथूनच नव्याने सुरुवात करतं. तिसऱ्या वेळी मात्र सुरेख आला. सौ.ने तो तुकडा देवघरात नेऊन ठेवला.

भांड्यांवर नाव घालायचा बेत तेवढा बारगळला. स्टील किंवा पितळेवर एवढ्याशा लेसरचं काही चालत नाही, प्रकाश बराचसा परत फिरतो आणि उरलेली उष्णता धातू पसरवून टाकतो. लाकूड, पुठ्ठा, कातडं यांवर छान कोरतं. तेही जेमतेम चार सेंटिमीटरच्या चौकोनात, कारण डीव्हीडीची गाडी त्यापलीकडे जातच नाही. रेक्झिनवर करायचं नाही, त्यातल्या पीव्हीसीतून क्लोरीनचे विषारी वायू निघतात. ऱ्हस्व ‘पु’ अजून डब्यावर आहे.

इथे थोडं विषयांतर. लेसर हा प्रकार फार जुना नाही. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला, तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जात होतो. आज कापड, लाकूड, ॲक्रिलिक कापणारी जी मोठी लेसर यंत्रं शहरांतून दिसतात, त्यांतली बरीचशी कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेसरवर चालतात. तो लेसर १९६४ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. हे पटेल जन्मले १९३८ साली आपल्या बारामतीत आणि १९५८ साली इंजिनिअर झाले पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून. बारामती म्हटलं की आपल्याला भलतीच नावं आठवतात, हे नाव मात्र मलाही सत्तरी ओलांडल्यावर कळलं. शाळेत इतकी वर्षं सुविचार लिहिले, त्यात एक दिवस फळ्यावर हे लिहिता आलं असतं. असो.

मूळ मुद्द्यावर येतो.

लेसरबरोबर एक हिरवा प्लास्टिकचा चष्मा फुकट आला होता. पहिल्या दिवशी ‘श्री’च्या वेळी आम्ही तो आळीपाळीने घातला, म्हणजे एकाने घातला की दुसऱ्याने तोंड फिरवायचं. दुसऱ्या दिवशी मी देवपूजा आटोपून बाहेर आलो तर यंत्र चालू होतं आणि नातू टेबलावर ओणवा होऊन, चष्मा कपाळावर सरकवून, वीतभर अंतरावरून ठिपका न्याहाळत होता. “आबा, फोकस नीट झालाय का बघतोय, चष्म्यातून नीट दिसत नाही.”

मी प्लग उपटला. इतक्या जोरात, की सॉकेटच भिंतीतून बाहेर आलं. नातू घाबरला. मी त्याला काहीच बोललो नाही, ओसरीवर जाऊन बसलो. त्याला वाटलं आजोबा रागावले. मला आठवत होता १६ फेब्रुवारी १९८०चा शनिवार.

त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा कर्नाटक-आंध्रातून गेला, आपल्याकडे खंडग्रास. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती, ग्रहण दुपारचं. गावात सगळे दारं-खिडक्या लावून बसलेले. मी तेव्हा जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा, अंधश्रद्धेच्या विरोधात भाषणं देणारा. मुलांना म्हटलं, या मैदानावर, ग्रहण ही बघायची गोष्ट आहे, भ्यायची नाही. पंधरा-वीस मुलं आली. फुटलेल्या खिडकीच्या काचांचे तुकडे गोळा करून चिमणीच्या ज्योतीवर धरून मीच त्यांना काजळी लावली होती. खर्च शून्य. मुलांनी ग्रहण बघितलं, टाळ्या वाजवल्या, मी तोंडाने आकृती समजावून सांगितली. घरी जाताना मला वाटलं, आज आपण खरं शिकवलं.

काजळीच्या काचेतून सूर्य बघू नये, हे मला माहीत नव्हतं. काजळी सगळीकडे सारखी बसत नाही. शिवाय झगझगाट कमी झाला म्हणून आपण निर्धास्त बघत राहतो आणि न दिसणारे अवरक्त किरण आत जातच असतात. एक मुलगा एक डोळा मिटून उजव्या डोळ्याने बराच वेळ बघत होता. हुशार, चौकस मुलगा. त्याचं मी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं.

बारा-तेरा वर्षांनी एका लग्नात तो भेटला. गप्पांत सहज म्हणाला, “सर, त्या ग्रहणापासून माझ्या उजव्या डोळ्यात मधोमध एक करडा ठिपका आहे. नाशिकला दाखवलं, डॉक्टर म्हणाले पडद्याला जखम आहे, आता काही होणार नाही.” हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता, आठवण म्हणून सांगत होता. पुढचं जेवण मला गेलं नाही. काच मी दिली होती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. दोघांनीही ते उच्चारलं नाही. त्याच्या घरच्यांची कधी माफीही मागितली नाही मी. कशी मागायची ते कळलं नाही, हे एक कारण. धीर झाला नाही, हे खरं कारण.

तर त्या दिवशी ओसरीवर बसून मी नातवाला हे सगळं सांगितलं. घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, सौ.लाही नाही. ती दारात उभी राहून ऐकत होती.

मग आम्ही यंत्र आठ दिवस बंद ठेवलं आणि वाचायला बसलो. जे कळलं ते इथे लिहितो, कारण तुमच्यापैकी कोणाची नातवंडं हेच करत असतील. पाचशे मिलिवॅट म्हणजे अर्धा वॅट, झीरोच्या बल्बपेक्षाही कमी, असं मला वाटायचं. पण बल्बचा उजेड चहूकडे पसरतो. लेसरचा किरण सगळाच्या सगळा एका दिशेने जातो आणि डोळ्याचं भिंग त्याला पडद्यावर एका बिंदूत गोळा करतं, बाहुलीपाशी असतो त्यापेक्षा सुमारे लाख पटीने तीव्र करून. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो, तेच डोळ्याच्या आत. डोळा मिटायला पाव सेकंद लागतो. एक मिलिवॅटच्या आतल्या लेसरला तो पाव सेकंद पुरतो. आमचा त्याच्या पाचशे पट. समोरच्या गुळगुळीत वस्तूवरून परावर्तित झालेला किरणही पुरेसा घातक. आणि पडद्याला वेदना होत नाही, त्यामुळे जखम होताना कळतही नाही. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जुनं भिंग काढून नवं बसवलं, आठवड्यात वर्तमानपत्र वाचायला लागलो. पडदा असा बदलून मिळत नाही.

चांगल्या चष्म्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात. कुठल्या तरंगलांबीसाठी आहे ती आणि ‘ओडी’ नावाचा आकडा. ओडी म्हणजे किती शून्यं. ओडी तीन म्हणजे हजारातला एक भाग आत येतो, चार म्हणजे दहा हजारातला एक. आमच्या अर्ध्या वॅटला ओडी चार लावला तर आत येतं ०.०५ मिलिवॅट. आमच्या फुकटच्या हिरव्या चष्म्यावर काहीच छापलेलं नव्हतं. तो तीन असेल, एक असेल, नुसतं रंगीत प्लास्टिकही असेल. काजळीची काचच ती, फक्त हिरवी.

खात्रीच्या चष्म्याची किंमत विचारली. एका चष्म्याला आख्ख्या यंत्राहून जास्त, आणि आम्हाला हवे दोन. सौ. म्हणाली, “घ्या, माझ्या पाटल्या आहेत.” ती हे चेष्टेत म्हणाली नव्हती. एक चष्मा घेतला. बजेट मोडलं. पण दुसरा घेण्याआधी नातवाने विचारलं, “आबा, उजेड बाहेरच आला नाही तर?”

माळ्यावर माझी पत्र्याची ट्रंक होती, कॉलेजला असताना नाशिकला नेलेली. यंत्र त्यात बरोबर मावलं. आतून ट्रंक चकाकत होती, तिला फळ्याचा काळा रंग दिला. दर जूनमध्ये शाळा उघडण्याआधी फळ्याला देतात तोच. चमक अजिबात नाही, उजेड गिळून टाकतो. धूर जायला मागे कॉम्प्युटरचा पंखा बसवला. पण पंख्यापाशी भोक म्हणजे उजेडाला वाट, म्हणून त्याला दोन काटकोन वळणांचा पत्र्याचा पाइप लावला. पाचवी-सहावीच्या पुस्तकात वाकड्या नळीतून मेणबत्ती दिसत नाही असा प्रयोग असायचा, तो इतक्या वर्षांनी उपयोगी पडला. आत काय चाललंय ते बघायला काच ठेवली नाही. फुटक्या स्क्रीनचा जुना मोबाइल आत एका कोपऱ्यात तिरका बांधला, चित्र बाहेरच्या मोबाइलवर दिसतं. खराब झाला तर त्याचा कॅमेरा होईल.

राहिलं झाकण. चालू असताना कोणी उघडलं तर लेसर आपोआप बंद व्हायला हवा. गावात आमचा एक विद्यार्थी टीव्ही-फ्रिज दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याच्याकडून फ्रिजच्या दाराचं बटण आणलं. दार लावलं की दिवा बंद, उघडलं की चालू, हेच हवंय ना? लेसरच्या तारेत जोडलं. सगळी जय्यत तयारी झाली आणि नातू म्हणाला, लेसरच्या जागी आधी मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब लावून बघू. झाकण लावलं. फटीला डोळा लावला, बल्ब बंद. झाकण उघडलं, बल्ब चालू!

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. फ्रिजचं बटण दार उघडल्यावर दिवा लावण्यासाठीच असतं. आम्हाला हवं होतं बरोबर उलटं. बल्बच्या जागी लेसर असता तर झाकण उचलून आत वाकणाऱ्याच्याच तोंडावर तो चालू झाला असता, आणि तेही सुरक्षेसाठी मुद्दाम बसवलेल्या बटणामुळे. दुकानवाला विद्यार्थी हसला, म्हणाला, “सर, मला विचारलं असतंत तर!” त्याने तीन पायांचं छोटं मायक्रो स्विच दिलं, त्यात दोन्ही तऱ्हा मिळतात, दाबल्यावर चालू होणारी आणि दाबल्यावर बंद होणारी. आम्ही पहिली जोडली आणि बल्ब लावून वीस वेळा झाकण उघड-मीट केलं. नातवाने वहीत वीस टिक केल्या. त्यानंतरच लेसर जोडला. झाकण उघडायच्या वेळी चष्मा तरीही घालायचा, यंत्र चालू असताना कोणीतरी समोर बसायचं आणि शेजारी वाळूची बादली ठेवायची, हे ट्रंकेवर खडूने लिहून ठेवलं आहे.

सुट्टी संपली, नातू गेला. ट्रंक ओसरीवरच आहे. अधूनमधून मी किल्ल्यांचे लाकडी बिल्ले कोरतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला देतो. जोडाक्षरं तुटू नयेत म्हणून आधी अक्षरांची रेघांत आकृती करून घ्यावी लागते, ते एवढ्यात जमायला लागलं आहे.

मागच्या महिन्यात तो आला. ग्रहणाचा. आता साठीला टेकलाय, मोसमकाठी कांदा आणि डाळिंब करतो. नामपूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव करून परत जाताना ट्रॅक्टर बाहेर लावून पाणी प्यायला थांबला. ट्रंक बघून म्हणाला, “सर, हाई पेटीमा काय शे?”

मी त्याला सगळं सांगितलं. डीव्हीडी, आर्डुइनो, फळ्याचा रंग. आणि ट्रंक का बनवली, तेही सांगितलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालो की ती काच मी दिली होती. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पण सर, ग्रहण मात्र भारी दिसलं होतं.”

मी सागाच्या तुकड्यावर त्याचं नाव कोरायला ठेवलं. सात-आठ मिनिटं आम्ही दोघं मोबाइलच्या पडद्यावर ठिपका सरकताना बघत होतो. मग प्लग काढला, झाकण उघडलं, बिल्ला त्याच्या हातात दिला. त्याने तो डोळ्यांसमोर धरला, सवयीने उजवा डोळा मिटला आणि नाव मोठ्याने वाचलं. मग ट्रॅक्टरची किल्ली खिशातून काढली आणि बिल्ल्याला भोक आहे का ते बघायला लागला. भोक पाडायचं मी विसरलो होतो. आतून सुईदाभण आणायला उठलो.